दोन चांदण्या, एक इच्छा

२६ ऑगस्ट, मंगळवार

माझे आतले कपडे आज जगाने पाहिले.

हे वाक्य या वहीत लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण सकाळी व्हॅल आली. शेजारच्या घरातली व्हॅल ग्रोगन, गेली चाळीस वर्षं माझी शेजारीण. टॅबलेट माझ्या नाकाखाली धरून म्हणाली, "ऊना, तू प्रसिद्ध झालीस."

आमच्या शाळेत मुलं सगळी मिळून एका वर्गात मावतील एवढी. त्यांना शिकवायला एकच शिक्षक, मिस्टर स्टाव्रू. वय कोवळं, गुडघे उघडे. हा मनुष्य ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीत अर्धी चड्डी घालून शिकवतो. आता त्याने वर्गाचा ब्लॉग काढला आहे. म्हणजे मुलं निबंध लिहितात तो वहीत राहत नाही, इंटरनेटवर जातो, आणि कुणीही वाचावा.

आजच्या निबंधाचं नाव ‘हेलिकॉप्टर’. खाली लिहिलंय: "हेलिकॉप्टर हा मॅगपाय पक्षी आहे. तो पिवळ्या फाटकाजवळच्या निलगिरीवर घरटं करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर झडप घालतो. फक्त पिवळ्या फाटकातल्या बाईंवर घालत नाही. असं का?"

पिवळं फाटक टुलीबर्न गावात एकच आहे. माझं.

आणि वर फोटो. माझ्या परसातली कपडे वाळवायची फिरती छत्री, तिच्या एका दांडीवर काळापांढरा झगा सावरून बसलेले बिशपसाहेब (त्या पक्ष्याचं खरं नाव हे, हेलिकॉप्टर नव्हे), आणि त्यांच्या डाव्या हाताला, चिमट्यांवर, वाऱ्याने फुगलेल्या माझ्या दोन निळ्या चड्ड्या.

"कापड चांगलं दिसतंय," व्हॅल म्हणाली. "कुठून घेतल्यास?"

मी तिला चहा दिला नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

तक्रार लिहिली. दोन पानं, पाठपोट. मठाच्या शाळेत सिस्टर अलॉयशियस यांनी आम्हाला शिकवलं होतं की राग आला की अक्षर अधिक नीट काढावं. माझं अक्षर आज छापल्यासारखं आलं आहे.

मुद्दे: एक, खाजगीपणा. मी या गावची तीस वर्षं पोस्टमास्तरीण होते. कुणाचं पत्र कुणाला दिसू नये यासाठी पाकीट असतं, आणि पाकिटाला डिंक असतो. (पोस्टकार्डांची गोष्ट वेगळी. ती आपोआप वाचली जातात.) दोन, मुलं लिहायला शिकायच्या आधी छापून यायला शिकताहेत. तीन, गुडघे.

तक्रार डग हॅनिगनच्या हातात दिली. डगचं पशुखाद्याचं दुकान आहे आणि तो शाळा समितीचा अध्यक्ष आहे. त्याने पानं उलटून पाहिली.

"मिस मल्केही, हे सगळं समितीपुढे ठेवू?"

"मग काय मेंढ्यांपुढे ठेवणार आहेस?"

"११ तारखेला बैठक आहे. तिथे निकाल लावू."

लावा म्हटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

तक्रारीला पुरावा हवा म्हणून ब्लॉग संपूर्ण वाचायला घेतला. व्हॅलचा टॅबलेट आणला. हवामान बघायचंय असं सांगितलं.

या प्रकाराची रचना मला आता समजली. चार शाळांनी गट केला आहे: न्यूझीलंडची एक, सिंगापूरची एक, स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा बेटावरची एक आणि आमची. दर आठवड्याला एका शाळेची पाळी. त्या आठवड्यात बाकीच्या तीन शाळांतली मुलं तिचं लिखाण वाचतात आणि खाली प्रतिक्रिया लिहितात. न्यूझीलंडची पाळी झाली, आता सिंगापूर, मग स्कॉटलंड. आमची शेवटची, १५ तारखेच्या सोमवारपासून. मुलांनी वर्गाच्या भिंतीवर कागदी साखळी लावली आहे आणि रोज एक कडी फाडतात. ख्रिसमसला सुद्धा इतकं करत नाहीत.

तोवर आमची मुलं इतरांचं वाचून त्यांना लिहिताहेत. सिंगापूरच्या एका मुलीला आमच्या शाळेतल्या एका पोराने विचारलंय, "तुमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली तर म्हातारी माणसं दूध कसं आणतात?" मला उत्तर हवं होतं. पाऊण तास उत्तराची वाट पाहिली. चहा गार झाला.

आमच्या मुलांच्या निबंधांखाली मात्र प्रतिक्रिया फार कमी. पाळी आलेली नाही ना. एका मुलाने म्हाताऱ्या कुत्र्यावर लिहिलं आहे, खाली काहीच नाही. मी एक प्रतिक्रिया लिहिली. अर्थात स्वतःच्या नावाने नाही. ‘एक हितचिंतक’ अशी सही केली. माझं लेखन या गावात कुणी ओळखू शकणार नाही.

मी लिहिलं: "कुत्र्याचं वर्णन करताना ‘छान’ हा शब्द सहा वेळा आला आहे. कुत्रा छान असतो हे कुत्र्यालाही माहीत आहे. तो काय करतो ते लिही."

२ सप्टेंबर, मंगळवार

परत आली! माझी प्रतिक्रिया छापलीच नाही!

प्रतिक्रिया आधी तपासल्या जातात म्हणे, आणि तपासतं कोण? मार्ली ग्रोगन. व्हॅलची नात. चौथीतली. पुढचा एक दात पडलेला. तिने ब्लॉगवर सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली आहे:

"प्रिय हितचिंतक, तुमची प्रतिक्रिया छापता येत नाही. कारण: चांदणी नाही. आमचा नियम असा आहे की आधी दोन चांदण्या द्यायच्या, म्हणजे काय आवडलं ते सांगायचं. मग एक इच्छा, म्हणजे काय आणखी हवं होतं ते. तुम्ही फक्त इच्छा दिली. पुन्हा प्रयत्न करा. तुम्ही करू शकाल. मार्ली, या आठवड्याची तपासनीस."

तुम्ही करू शकाल!

तीस वर्षं मी लोकांची पाकिटं परत पाठवली. पत्ता अपुरा, तिकीट कमी, नाव वाचता येत नाही. माझं काही कधी परत आलं नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

मी पुन्हा लिहिलं. हरले म्हणून नाही. नियम किती मूर्ख आहे ते नियमातच राहून दाखवावं म्हणून.

पण चांदणी द्यायची तर निबंध पुन्हा वाचावा लागतो, हा त्यातला डाव आहे. तीन वेळा वाचला. एका ठिकाणी मुलाने लिहिलंय की कुत्र्याला आता ऐकू येत नाही, म्हणून तो हाक मारण्याऐवजी जमिनीवर पाय आपटतो, आणि ते हादरे कुत्र्याला कळतात. हे मी पहिल्यांदा वाचताना कसं सुटलं?

ती चांदणी दिली. दुसरी कुत्र्याच्या नावाला दिली. इच्छा तीच ठेवली, जरा कमी मीठ घालून.

छापलं. खाली मुलाने लिहिलं: "धन्यवाद हितचिंतक. तो अजून काय करतो ते उद्या लिहितो." आणि मार्लीने: "शाबास! तुमच्या मॅगपायला आमचा नमस्कार."

माझ्या मॅगपायला? गावात मॅगपाय पुष्कळ आहेत. ती हे वाक्य सगळ्यांनाच लिहीत असावी.

६ सप्टेंबर, शनिवार

मार्लीने नवा निबंध टाकला आहे: ‘मॅगपायला खिमा का घालू नये’. खिम्यात कॅल्शियम नसतं, त्याने पिल्लांची हाडं कच्ची राहतात, असं तिने कुठल्याशा पक्षितज्ज्ञाला ईमेल करून विचारलं. त्या तज्ज्ञाने चौथीतल्या मुलीला एक पानभर उत्तर पाठवलं.

मी खिमा घालते हे कुणालाही माहीत नाही. निबंध सर्वसाधारण जनतेसाठी असणार.

तरी आज बिशपसाहेबांना खिमा घातला नाही. ते फिरत्या छत्रीवर येऊन बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. वाऱ्याने छत्री हळूहळू फिरत होती, त्यांचा चेहरा मात्र माझ्याकडेच. मठाच्या शाळेतून बाहेर पडल्यापासून माझ्याकडे असं कुणी बघितलेलं नाही.

संध्याकाळी डगच्या दुकानातून वाळवलेल्या किड्यांची पिशवी आणली.

"कोंबड्यांना?" डग म्हणाला.

"हो."

"तुमच्याकडे कोंबड्या कुठायत?"

"आणायचा विचार आहे."

८ सप्टेंबर, सोमवार

स्कॉटलंडची पाळी सुरू झाली. आमच्या मुलांनी त्यांच्या समुद्रातल्या सील प्राण्यांवर ढीगभर लिहिलं, म्हणून त्या बेटावरची मुलं पाळीची वाट न बघता आमच्याकडे डोकावून गेली आणि हेलिकॉप्टरच्या प्रश्नावर तुटून पडली. तो पक्षी पिवळ्या फाटकातल्या बाईंवर झडप का घालत नाही?

एकाचं म्हणणं, बाई चेटकीण असेल. दुसऱ्याचं, बाई त्याची आई असेल. एका मुलीने विचारलं, बाई काय कपडे घालते? मार्लीने उत्तर दिलं, "रोज काळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज." त्यावर त्या मुलीने लिहिलं, "मग कोडं सुटलं. त्याला वाटतं ती त्याची बायको आहे."

मी इतकी हसले की व्हॅल कुंपणावरून डोकावली. "काय गं, कसलं हवामान आहे?"

"उत्तरेकडून वारे," मी म्हटलं.

मग हितचिंतकाला लिहावंच लागलं. दोन्ही चांदण्या दिल्या (कल्पनाशक्ती, कपड्यांकडे लक्ष). आणि खरं कारण सांगितलं: मॅगपायला माणसांचे चेहरे लक्षात राहतात. हा पक्षी त्याच झाडावर जन्मला. एकदा घरट्यातून खाली पडला होता, तेव्हा त्या बाईंनी त्याला शिडी लावून परत ठेवला. गुडघ्यातून रक्त आलं, पण तो विषय वेगळा.

तासाभरात स्कॉटलंडहून बारा प्रश्न. शिडी किती उंच? बाईंना भीती वाटली का? पक्षी चावला का? इतके प्रश्न मला सेवानिवृत्तीच्या समारंभातही कुणी विचारले नव्हते. तिथे एकच विचारला होता: केक हवाय का?

उद्या सगळ्यांना सविस्तर उत्तरं देणार.

९ सप्टेंबर, मंगळवार

ब्लॉग बंद!

उघडला तर एक कोरं पान. "समितीचा निर्णय होईपर्यंत हा ब्लॉग बंद आहे." शिडीची उंची मी कागदावर काढून ठेवली होती.

सरळ व्हॅलच्या स्वयंपाकघरात गेले. "कुठल्या गाढवाने हे केलं?"

व्हॅल स्कोन पावांचं पीठ मळत होती. हात थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"तक्रार आली म्हणे."

"कोणाची? मुलांची पाळी सोमवारी आहे! तीन आठवडे दुसऱ्यांचं वाचताहेत पोरं, आता त्यांचं वाचायची वेळ आली तर..."

"ऊना."

"काय?"

"तुझी."

मी म्हटलं, माझी तक्रार फोटोबद्दल होती. व्हॅल म्हणाली, दोन पानं पाठपोट होती, डगने तिला दाखवली. शेवटचं वाक्य असं होतं की हा ब्लॉग तात्काळ आणि कायमचा बंद करण्यात यावा. मी म्हटलं, लेखनात शेवट ठाम असावा लागतो. ती म्हणाली, "मार्लीने आज काही खाल्लं नाही. साखळीच्या सात कड्या राहिल्यात, त्या फाडायच्या की नाहीत असं विचारत होती."

स्कोन न खाता घरी आले.

१० सप्टेंबर, बुधवार

मिस्टर स्टाव्रू सकाळी आला. डोक्यावर आइसक्रीमचा रिकामा डबा उलटा घातलेला, मागे दोन मोठे डोळे रंगवलेले, जेणेकरून पक्ष्याला वाटावं माणूस बघतोय. बिशपसाहेबांनी डबा सोडून पोटरीवर हल्ला केला. अर्ध्या चड्डीचा तोटा मी तक्रारीत लिहिला होता, तो असा सिद्ध झाला.

"मिस मल्केही, माफी मागायला आलो. फोटो काढण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, मुलांची नाही."

"पोटरीतून रक्त येतंय."

"येऊ द्या. समिती काय ठरवील ते मान्य. एवढंच सांगायचं होतं."

मी त्याला औषध लावलं. आयोडीन, चांगलं झोंबणारं. कापूस दाबत विचारलं, "ब्लॉगच कशाला हवा? वहीत लिहून तुम्ही तपासलं तर चालत नाही?"

"मी तपासलं तर मुलं माझ्यासाठी लिहितात," तो म्हणाला. "मी तर पगार घेतो वाचायचा. ज्याला पगार नाही असं कुणी वाचलं की पोरं वेगळं लिहितात. आमचे एक हितचिंतक आहेत, त्यांनी कुत्र्यावरच्या निबंधाला लिहिलं. तो मुलगा त्याआधी वर्षभर चार ओळींच्या पुढे गेला नव्हता. आता रोज लिहितोय. मला त्या हितचिंतकांचे आभार मानायचे होते, पण..." तो थांबला, पोटरीकडे बघत राहिला. "कोण आहेत काही कळत नाही."

"कळणारही नाही," मी म्हटलं. "पाय हलवू नका."

११ सप्टेंबर, गुरुवार

बैठकीहून आले. सगळं आजच लिहून ठेवते.

शाळेत महिला मंडळाने लॅमिंग्टन, म्हणजे खोबरं लावलेले चॉकलेटचे केक, ठेवले होते. मुलं आईबापांबरोबर आलेली. भिंतीवर ती कागदी साखळी, आखूड. डगने चष्मा लावला आणि माझी तक्रार मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मी ती लिहिली तेव्हा उत्तम वाटली होती. माझ्या मनात ती मी कुणा उंच, शांत अधिकाऱ्याला उद्देशून लिहिली होती. "ज्या मुलांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही त्यांनी जगाला शहाणपण शिकवू नये" हे वाक्य मला विशेष आवडलं होतं. पण डगने ते वाचलं तेव्हा पहिल्या ओळीत बसलेल्या एका मुलाने खाली बघून आपला बूट खुर्चीखाली सरकवला.

गुडघ्यांच्या परिच्छेदाला स्टाव्रू उठून उभा राहिला, मग काय करावं न कळून पुन्हा बसला. प्रायश्चित्त म्हणून आज त्याने लांब पँट घातली होती. तिची घडी अजून मोडलेली नव्हती.

वाचून झालं. डग म्हणाला, "मिस मल्केही, आणखी काही जोडायचंय?"

मी उभी राहिले. "ही तक्रार मंजूर करता येणार नाही."

"पण ती तुमचीच आहे."

"कुणाचीही असो. तिच्यात एकही चांदणी नाही. परत पाठवा."

मग मार्लीने हात वर केला. "मिस मल्केही, नुसतं परत पाठवायचं नसतं. पुन्हा प्रयत्न करायचा असतो."

"इथे?"

"तुम्ही करू शकाल," ती म्हणाली.

व्हॅल लॅमिंग्टन तोंडात कोंबून खिडकीबाहेर बघायला लागली.

"ठीक आहे. पहिली चांदणी," मी म्हटलं. "ही मुलं नीट बघतात. तो पक्षी कुणावर झडप घालतो आणि कुणावर नाही, हे मोठ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तुम्ही सगळे वर्षानुवर्षं डोक्याला हात लावून पळताय."

"छान," मार्ली म्हणाली. "दुसरी?"

"मिस्टर स्टाव्रू."

"कशाबद्दल? नेमकं सांगायचं."

ही मुलगी पुढे पोस्टात गेली तर पोस्टाचं भलं होईल.

"मी त्या खिडकीत तीस वर्षं उभी राहिले," मी म्हटलं. "लोक यायचे, ‘माझं काही आहे का?’ विचारायचे. बहुतेक वेळा नसायचं. नाही असं सांगून मी पुढचं गिऱ्हाईक घ्यायचे, पण ते फाटकापर्यंत कसे चालत जातात ते मला दिसायचं. लिहिणं सोपं आहे. कुणीही लिहितं. उत्तर यावं लागतं. मिस्टर स्टाव्रूंनी या मुलांच्या लिखाणाला उत्तर येईल अशी सोय केली. अगदी स्कॉटलंडहून. हे पोस्टाला जमलं नाही. सांताक्लॉजच्या नावाने उत्तर ध्रुवाच्या पत्त्यावर टाकलेली डिसेंबरमधली पत्रं सोडली, तर या गावात प्रत्येक पत्राला उत्तर कधीच..."

इथे मी थांबले, कारण डगने चष्मा काढला होता आणि तो माझ्याकडे विचित्र बघत होता.

"आणि इच्छा?" मार्लीने विचारलं.

"दोरीवर काय आहे ते बघून फोटो काढावा. आणि घरमालकिणीला विचारून."

"एकच इच्छा द्यायची असते."

"मग विचारून."

हात वर करून मत घेतलं. ब्लॉग उद्या सकाळपासून सुरू. माझा हात बहुतेक सगळ्यात आधी वर गेला. तक्रारदाराला मत असतं की नाही हे कुणी तपासलं नाही.

बाहेर पडताना डगने दारात गाठलं. "मिस मल्केही, मी सात वर्षांचा असताना सांताक्लॉजकडे ट्रॅक्टर मागितला होता. उत्तर आलं की ट्रॅक्टर पाय पेडलपर्यंत पोचल्यावर मिळतो, तोवर आईला उलट उत्तरं देणं बंद कर."

"शहाणा दिसतोय सांता."

"अक्षर अगदी छापल्यासारखं होतं. आज तुमची तक्रार वाचताना..."

"डग, लॅमिंग्टनचा चुरा पडलाय तुझ्या शर्टावर," मी म्हटलं आणि निघाले.

१५ सप्टेंबर, सोमवार

आमची पाळी.

सकाळी सगळी मुलं फाटकाशी हजर, डोक्यावर डबे, मागे रंगवलेले डोळे. फाटकावर टकटक केली. आत येण्यापूर्वी विचारलं. फोटोआधी विचारलं. शिडीला हात लावण्याआधीही विचारलं. तो बूट सरकवणारा मुलगा आला होता. मी त्याला नाडी दाखवायला सांगितली. दुहेरी गाठ, अगदी बरोबर. तसं त्याला सांगितलं.

स्टाव्रू पुन्हा अर्ध्या चड्डीत. बिशपसाहेबांनी त्याच्यावर दोनदा झडप घातली, आणि त्याची फिल्म मुलांनी काढली. न्यूझीलंड आणि सिंगापूरने ती आतापर्यंत पुन्हा पुन्हा पाहिली असं कळतं. स्कॉटलंडला अजून उजाडायचंय.

दोरीवर मी मुद्दाम पांढरे स्वच्छ पलंगपोस घातले होते. मार्लीने ते बघून तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"स्कॉटलंडच्या मुलींना निळ्या हव्या होत्या. म्हणजे त्यांना खरी गोष्ट हवी असते."

मी तिला ‘नाही’ म्हणाले. मग आत गेले, एक निळी आणली आणि टोकाला लावली. एकच. मॅगपाय लगेच येऊन तिच्या शेजारी बसला.

दुपारी व्हॅलच्या टेबलाशी बसून मुलांच्या सगळ्या निबंधांना प्रतिक्रिया लिहिल्या. प्रत्येकाला दोन चांदण्या, एक इच्छा. सगळ्या छापल्या गेल्या, एकही परत आली नाही. व्हॅलने दोनदा चहा केला आणि हवामानाबद्दल काही विचारलं नाही.

आज पहिल्यांदाच खाली माझं खरं नाव लिहिलं. हितचिंतक आता पुन्हा लिहिणार नाही. तो कोण होता, हे या गावाला कधीच कळायचं नाही.